सीडीचा झोका

रस्त्याच्या कडेला खरबुजांचे ढीग लागले की आखाजी आली असं समजायचं. आमच्या जळगावात पंचांगाच्या आधी खरबूज येतं. आम्ही त्याला डांगर म्हणतो. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिथल्या मैत्रिणी तिला हसल्या, कारण त्यांच्या गावी डांगर म्हणजे लाल भोपळा. "पप्पा, बरोबर कोण?" तिनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, "ज्याचं गोड निघेल तो."

यंदा मी एकच डांगर आणलं. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्या तोंडावर डांगर ठेवतात. पूर्वी हे काम मंदाचं. माझ्या आईची, माझ्या वडिलांची घागर ती भरायची आणि मी जवळ गेलो की म्हणायची, "तुम्ही लांब व्हा, सांडाल." ती जाऊन तीन वर्षं झाली. आता तिच्या नावाची घागर मी भरतो, आणि दर वर्षी सांडतो. ओल्या फरशीवर फडकं फिरवताना वाटतं, माणसानं आपल्याबद्दल इतकं अचूक बोलून जाऊ नये.

बाहेरच्यांसाठी ही अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. खान्देशात हा सासरी गेलेल्या पोरींचा दिवस. दिवाळीला नाही आली तरी चालेल, आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. कडुलिंबाच्या फांदीला दोर पडतात. गौराई बसलेली असते. सांजोऱ्या तळल्या जातात, आमरसाला पातेली कमी पडतात, आणि झोक्यावरून गाण्यांवर गाणी सुटतात. त्या वेळी पुरुष काय करतात? पत्ते कुटतात. बायका झोक्यावर, पुरुष पत्त्यांवर, अशी आमच्याकडे जुनी वाटणी आहे. मंदा सोनगीरची, किल्ल्याखालच्या आळीतली. लग्नानंतर दर आखाजीला ती सोनगीरला झोक्यावर आणि मी जळगावात पत्त्यांत हरत. त्या वाटणीत एक गोष्ट राहूनच गेली. मी तिला गाताना कधी ऐकलं नाही.

घरात ती गायची नाही. स्वयंपाक करताना गुणगुणणाऱ्या बायका मी सिनेमात पाहिल्या आहेत; आमच्याकडे फक्त कुकर वाजायचा. "म्हण की एखादं," मी म्हणायचो. ती म्हणायची, "गाणं माहेरी ठेवून आले." आणि भाकरी उलटायची. मोबाईलमध्ये तिचा आवाज आहे, नाही असं नाही. 'येताना कोथिंबीर आणा, मागच्यासारखी पिवळी नको.' 'कुलूप ओढून बघा.' 'कुठपर्यंत आलात?' हे मी ऐकतो. कुलूप ओढूनही बघतो. पण या आवाजाला सूर लागला की तो कसा होत असेल, हे मला ठाऊक नाही.

ती गायलेली एकच सीडी निघाली होती. आखाजीच्या गाण्यांची, अहिराणी. तिचं कव्हर मी केलेलं. माझ्याकडे आज तिची कव्हरं पोत्यानं पडली आहेत, सीडी एकही नाही.

माझा धंदा खोक्यांचा. पेढ्यांची खोकी, साड्यांची खोकी, लग्नपत्रिकांची पाकिटं. वडील 'बॉक्सवाले' होते, मी 'पॅकेजिंग' करतो. फरक फक्त पाटीवरचा. पण कव्हरांचा हा किडा दुकानातला नव्हे. तो एरंडोलला नानांकडे चावला. नाना म्हणजे माझे धाकटे काका. त्यांच्याकडे रेकॉर्डचा संच होता आणि त्यातली काही कव्हरं मुंबईहून, कोणाकोणाच्या हातून आलेली. एक होतं देवळाच्या आकाराचं. दोन दारं उघडायची, आत गाभारा, आणि गाभाऱ्यात काळी तबकडी देवासारखी उभी. एक बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं घड्यांवर घड्या उघडत जायचं, शेवटच्या घडीत रेकॉर्ड. एकाच्या आत मखमल होती. त्या मखमलीवरून बोट उलटं फिरवलं की रंग बदलायचा.

आमच्या उन्हात रेकॉर्ड पापडासारखी वाकते. म्हणून उन्हाळा लागला की नाना सगळ्या रेकॉर्डी काढून गव्हाच्या कोठीत, धान्यात आडव्या पुरून ठेवायचे, आणि कव्हरं भिंतीवर खिळ्यांना टांगायचे. गाणं लावायचं म्हणजे आधी कोठीत कोपरापर्यंत हात घालायचा. हाताला जी लागेल ती रेकॉर्ड, त्या दिवसाचं नशीब. बाकीची भावंडं सुईपाशी गर्दी करायची. मी भिंतीशी बसून रिकाम्या कव्हरांची दारं उघडायचो, मिटायचो. नाना आईला म्हणाले होते, "वहिनी, हे पोरगं जेवण सोडून पत्रावळ चाटणार." नानांचं काही खोटं ठरलं नाही.

तो पत्रावळीचा मान मला मिळवून दिला धुळ्याच्या पारसभाऊनं. त्याचे आजोबा राजस्थानातून कापडाचा गठ्ठा घेऊन आलेले. नातवानं बसस्टँडजवळ कॅसेटचं दुकान टाकलं आणि पुढे सीडीचे दिवस आले तेव्हा तो स्वतःच अहिराणी गाणी काढायला लागला. माझ्याकडे यायचा तो मिठाईच्या खोक्यांच्या भावात कव्हरं मागायला. त्या वर्षी आला तो वेगळ्याच तारेत.

"भाईसाब, आखाजीची सीडी काढतोय. खऱ्या बायका, खरी गाणी. तुमच्या सासरच्याच आळीतल्या."

"मग?"

"मग काय, प्लास्टिकच्या डबीत घालून विकू? सगळेच विकतात. असा डबा करा की उघडल्यावर बाई माहेरी गेली पाहिजे."

हे वाक्य त्यानं सहज टाकलं आणि चहा पिऊन निघून गेला. मी कामाला लागलो. माणसाचं वाटोळं करायला अशी वाक्यं पुरतात.

केला तो डबा असा. बाहेरून चौकोनी, वितीएवढा, मातीच्या रंगाचा. उघडला की आतून कडुलिंबाचं झाड घडीतून उठून उभं राही. त्याच्या आडव्या फांदीला लाल-पिवळे धागे, धाग्यांना पुठ्ठ्याची पाटी, आणि त्या पाटीवर सीडी बसलेली. डबा उघडताना जो हिसका बसे, त्यानं पाटी हलायची. सीडी झोका घ्यायची. पहिला नमुना उठला तेव्हा मी एकट्यानंच दुकानात टाळ्या वाजवल्या आणि शेजारचा शिंपी काय झालं म्हणून बघायला आला.

त्या उन्हाळ्याचा वास मला अजून येतो. कूलरच्या ओल्या वाळ्याचा, कापलेल्या पुठ्ठ्याचा आणि गव्हाच्या खळीचा. बाजारचा डिंक त्या उन्हात धरेना, झाडं आडवी पडत. मंदा म्हणाली, "आपली खळ लावा." कणकेची घट्ट खळ ती पातेल्यात शिजवायची, आणि आम्ही दोघं मधल्या खोलीत बसून झाडं चिकटवायचो. मुलगी धाग्यांना गाठी मारायची आणि वैतागायची. मध्येच मंदा उठून खळीत बोट घालून बघायची, जणू शिरा आहे.

आमच्या धंद्यात खळीत मोरचूद घालतात. विषारी असतो, पण त्यानं किडा-मुंगी लागत नाही. मी पुडी काढली तर तिनं हात धरला.

"यात घालू नका."

"का?"

"गौराईचा झोका आहे. गौराईच्या झोक्याला विष लावतात का?"

"अगं, ही सीडी आहे."

"तुमच्यासाठी सीडी."

पुडी परत फळीवर गेली. पावसाळा लागेपर्यंत मुंग्यांनी आणि उंदरांनी माझ्या गोदामातल्या कडुलिंबांची मुळं कुरतडली, तेव्हा मी तिला दाखवायला घेऊन गेलो. ती म्हणाली, "खाऊन मेला तर नाही ना कोणी?"

गाणी धुळ्याला एका खोलीत भरली. सोनगीरहून बायका जीपमधून गेल्या, मंदाही इथून गेली. परतली ती घसा बसवून. "कसं झालं?" "झालं." "म्हणून दाखव ना." ती माठातलं पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "सीडी घ्या विकत, सगळे घेतील तसे." मग हसली. ते हसू घोगरं होतं, एवढं मात्र पक्कं आठवतं.

विक्रीच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम धुळ्याला गेलो. पारसभाऊनं दुकानाच्या दारात डबे टांगले होते आणि भोंग्यावर तीच गाणी. बसगाड्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या आरोळ्या, उसाच्या रसाच्या गाडीची घुंगरं, आणि त्यात बायकांचा गळा. मंदा त्यात होतीच. मी बघत होतो ते गिऱ्हाइकांच्या बोटांकडे; गाणं ऐकायचं राहिलं, सीडी घ्यायचीही. डबा कसा धरतात, कुठून उघडतात, झाड उठतं की अडकतं. शिंदखेड्याच्या बसला निघालेल्या एका म्हातारीनं डबा उघडला, झोका हलला, आणि ती तिथेच फुटपाथवर खाली बसली. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. मला वाटलं, जिंकलो.

जिंकलो ते जरा जास्तच. आठवड्याभरात पारसभाऊचा फोन. "भाईसाब, लोग सीडी निकाल के फेंक रहे हैं. झोक्यावर गौराई बसवतायत." खरंच होतं. बायकांनी सीडी उचलून बाजूला ठेवली आणि त्या पाटीवर आपली लहानशी गौराई बसवली. देव्हाऱ्यात डबा, डब्यात झाड, झाडाला झोका, झोक्यावर देवी. माझ्या दुकानातही लोक यायला लागले: "सीडी नको भाऊ, नुसता झोका द्या." मंदाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघा. मोरचूद नाही घातला ते बरं झालं ना?" तिचं गाणं लोक फेकत होते आणि ती देवीला जागा मिळाली म्हणून खूश होती.

म्हणून आज खान्देशात तो डबा सापडतो, सीडी सापडत नाही.

यंदा उन्हं तापायला लागली आणि माझ्या डोक्यात हेच बसलं. घर मोठं नाही, पण एका माणसाला ते फार पुरतं. दुपारी दुकान बंद करून यायचं, कूलर लावायचा, सकाळचं वरण गरम करायचं. मुलगी आता बंगळुरात नोकरीला. ती रोज फोन करते आणि जेवलात का विचारते, मी रोज जेवलो म्हणतो. मग दुपार पुढे सरकत नाही. एका दुपारी आरशात बघत मी मंदासारखं बोललो, "सीडी घ्या विकत." आणि निघालो.

पारसभाऊच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली. तीही रंगीबेरंगी, काहींना सशाचे कान. मला बघून तो काउंटरमागून बाहेर आला, हात हातात घेतला. त्याला मंदाचं कळलं होतं, पण भेट झाली नव्हती.

"ती आखाजीची सीडी, पारसभाऊ. एखादी?"

त्यानं खूप शोधलं. माळ्यावर पोरगा चढवला, धूळ खाली आली, सीडी आली नाही. "कॉम्प्युटर भंगारात गेला, भाईसाब. गाणी त्यातच होती." मग तो म्हणाला, "डबा आहे बरं का. घरी. आईच्या देव्हाऱ्यात."

"डबे माझ्याकडेही आहेत," मी म्हटलं.

एरंडोलला चुलतभाऊ, म्हणजे नानांचा मुलगा. त्याच्याकडे नक्की असणार, कारण तो काहीच टाकत नाही. आणि होती. त्यानं मला पेरूच्या बागेत नेलं आणि वर बोट दाखवलं. झाडाझाडाला सीड्या टांगलेल्या, उन्हात लकाकत फिरत होत्या.

"पोपटांसाठी," तो म्हणाला.

"घाबरतात?"

"पहिले दोन दिवस घाबरले. आता त्यात तोंड बघतात आणि मग पेरू खातात."

आमची सीडी त्यातच मिळाली. 'आखाजी' ही अक्षरं उन्हानं फिकट झालेली, मागची चांदी खवल्यांसारखी उडालेली. डोळ्यासमोर धरली तर पलीकडची बाग चाळणीतून दिसावी तशी दिसली. मी ती खिशात घातली आणि घरी आणून लावूनही पाहिली. प्लेअरनं ती दोनदा फिरवली आणि बाहेर काढून दिली, उष्टं ताट परत यावं तशी.

शेवटी सोनगीरला फोन लावला. शांताक्का, मंदाची थोरली बहीण. तीही गाणाऱ्यांत होती. मंदा गेल्यापासून माझं तिकडे जाणं कमी झालेलं. बायको नसताना सासुरवाडीला कोणत्या नात्यानं जायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

"जावईबापू, सीडी कोठे राही आते?" अक्का म्हणाली. "डबा शे. गौराई बसेल शे त्यामा." मग तिकडे कोणाशी तरी बोलल्याचा आवाज, आणि पुन्हा ती. "बेबीले इचारा. नरडाण्याले देल शे ती. तिनी डबा उघाडेलच नई."

"उघडलाच नाही?"

"उघाडा ते मोडी जाई म्हने. तशाच कपाटमा शे."

माझा डबा इतका बरा झाला होता, की बाकीच्यांनी सीडी टाकून डबा ठेवला, आणि एका बाईनं भीतीपोटी दोन्ही जपलं. बेबी मंदाच्याच आळीतली, गाणाऱ्यांतली एक. नरडाण्याच्या एमआयडीसीत नवऱ्याची नोकरी, दोन खोल्यांचं घर, आणि लुगड्यांच्या घडीत माझं न उठलेलं झाड.

बेबी आखाजीला माहेरी येणार होतीच. मी घागर भरली, सांडली, पुसली, आणि सकाळच्या गाडीनं सोनगीरला गेलो. पुरुषमाणूस आखाजीला बायकांत म्हणून मला ओट्यावरच बसवलं. गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आल्या होत्या. केस पिकलेले, गुडघ्यांवर हात ठेवून बसणाऱ्या. शेजारून एक जुना प्लेअर आणला होता, त्याची वायर धरून ठेवावी लागत होती.

बेबीनं पिशवीतून डबा काढला. प्लास्टिकच्या आत वर्तमानपत्र, त्याच्या आत साडीचा तुकडा, त्याच्या आत डबा. मी धंद्यात एवढं पॅकिंग कधी केलेलं नाही.

"भाऊ, तुम्हीच करेल शे, तुम्हीच उघाडा," ती म्हणाली.

मी उघडला. खळ वाळून काचेसारखी झाली होती. झाड अर्ध्यावर उठलं, थरथरलं, आणि उभं राहिलं. एक धागा तुटला. पाटी एका बाजूला कलली आणि सीडी घसरून माझ्या तळहातावर आली. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता.

"मोडना ना," बेबी हळूच म्हणाली. "म्हनीसनच मी उघाडत नव्हती."

"नवा देतो," मी म्हटलं. "माझ्याकडे पोतंभर आहेत."

मग गाणं लागलं. ते लागलं आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या, त्यामुळे काहीच ऐकू येईना.

"हाई मी शे. हाऊ बारीक आवाज मना."

"तुना? तुना ते फाटेल भोंगा व्हता."

"देखा, हाई शांताक्का. पुढे पयस."

"मी पुढे नई पयत, तुम्ही मांगे राहतस," अक्का म्हणाली.

हसल्या. एकीनं पदरानं डोळे पुसले आणि उन्हाला नावं ठेवली. मी ओट्यावर बसून कान देत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी फसलो आहे. मंदाचा आवाज ऐकायला आलो होतो, आणि तो ओळखायचा कसा हेच मला माहीत नव्हतं. कोथिंबिरीचा आवाज आणि गाण्याचा आवाज एक नसतो. सगळे गळे एकमेकांत मिसळलेले, गव्हात गहू.

"अक्का," मी म्हटलं, "एक करा. पुन्हा लावा, आणि जिचा जो आवाज, तिनं हात वर करावा."

त्यांना तो खेळ वाटला. पुन्हा लावलं. एकेक आवाज वर आला की एकेक हात वर जायचा, बांगड्या कोपराकडे घसरायच्या. बारीक आवाज, तो बेबीचा. पुढे पळणारा, अक्काचा. अनुनासिक होता त्यावर दोघींचं भांडण झालं आणि मिटलं. ज्या जगात नव्हत्या किंवा आल्या नव्हत्या, त्यांची नावं बाकीच्यांनी सांगितली. त्यांच्याबरोबर लहानपणापासून गायलेल्या होत्या त्या. मंदाचं नाव मात्र कोणी घेईना. मला वाटतं, माझ्यासमोर घ्यायला जड गेलं असावं.

मग शेवटच्या कडव्यात सगळ्या श्वास घ्यायला थांबल्या आणि खालून एक आवाज तसाच पुढे गेला. एकटा, सावकाश, शब्द संपल्यावरही थोडा.

हात वर झाला नाही.

"बेबी, हाऊ तुना?" अक्कानं विचारलं.

"मना नई."

पलीकडची म्हणाली, "मना नई." तिच्या पलीकडची मान हलवून म्हणाली, "मना बी नई." असं ते ओळीनं भिंतीपर्यंत गेलं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि उठली. "चला वं, झोका रिकामा शे," ती म्हणाली, आणि सगळ्या अंगणात कडुलिंबाकडे गेल्या.

मी वायर दाबून धरली आणि ते कडवं पुन्हा लावलं. आवाज जाडसर होता, जरा खरखरीत. मी इतकी वर्षं तो पातळ असेल असं धरून चाललो होतो.